मावशीच्या फुलदाणीचं बूड

हसा, हसा तुम्ही! पण तुम्हाला सांगतो, काच मला कळते. म्हणजे परवापर्यंत तरी कळत होती... कुणाकडे गेलो की पाणी पिण्याआधी ग्लास उजेडात धरून बघतो, बायको चिमटे काढते तरी बघतो! म्हणून तर मावशीनं बोलावलं ना? तिच्याकडे ती फुलदाणी, जुनी, चेकोस्लोव्हाकियाची, धुरकट जांभळी, पोटात हिरवी लाट. काकांनी एकुलत्या एका परदेशवारीत आणलेली. आल्यागेल्याला तिच्या डिझायनरचं नाव असं ऐटीत सांगायचे की बस! काका गेले, आणि मावशी नेमकं ते नाव विसरली. "एकदा ऐकायचंय रे," म्हणाली. डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, हात्तिच्या! मावशी, काच मला कळते. ती म्हणतेय, "अरे, बुडाला बघ, तिथे..." मी म्हटलं, "तू नको सांगूस!" अहो, डॉक्टरला कुणी रोग सांगतं का?

घरी आणली. धूळ केवढी! जाणकारांना फोटो पाठवायचा तर काच लखलखीत नको? घातली गरम पाण्यात, साबण ओतला, बूड खसाखसा घासलं, काहीतरी चिकट लागलं तेही नखानं खरवडलं... अशी चमकली म्हणता! फोटो पाठवला. उत्तर आलं, "सुंदर! अशा फुलदाण्यांवर सही कोरलेली नसते. बुडाला कागदी लेबल असेल, त्यावरच नाव सापडेल. पाणी लावू नका."

पाणी लावू नका! सिंकच्या जाळीत बोटं घालून बघितलं हो मी. लगदा! अशी लाज वाटली, अशी लाज, की आरशात बघवेना.

फुलदाणी घेऊन मावशीकडे गेलो तर शेजारीण बसलेली, आणि मावशी तिला कौतुकानं, "हा माझा भाचा! काच कळते त्याला." मग मला, "लेबल दिसलं ना रे? ते परकं बारीक अक्षर मला वाचता येत नाही, पण इतकी वर्षं मी तिथे ओलं फडकंसुद्धा लावलं नाही. काय होतं नाव?"

काय सांगू? कुठलंही नाव ठोकून दिलं असतं तरी तिनं मानलं असतं! पण जीभ रेटेना. सांगून टाकलं. मावशीनं फुलदाणी उलटी करून कोऱ्या बुडावरून बोट फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! मग म्हणाली, "चहा घेऊन जा."

घेतला. उठतोय तोच आतून मावशीची हाक, "अरे, काचेचे कप आहेत सिंकमध्ये, तेवढे धुऊन जा. काच कळते ना तुला?"

धुतले. काय करता... पण प्रत्येकाचं बूड आधी बघून!