कमरेच्या एक्स-रेआधीचा प्रश्न

ही हकीकत मी सत्त्याहत्तर साली, एम.डी.च्या दुसऱ्या वर्षी, सांगलीत आमच्या एक्स-रे विभागाच्या सरांसोबत चहा घेताना पाटणच्या एका फॅमिली डॉक्टरांकडून ऐकली. गर्भाला किरणांची बाधा होऊ नये म्हणून, कमरेचा एक्स-रे सांगण्यापूर्वी प्रत्येक विवाहितेला पाळीची तारीख विचारा, असा सरांचा रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना आग्रह असे.

एक सासू सुनेला घेऊन आली. मुलगा फौजेत, लग्नाला बरीच वर्षे होऊनही मूल नव्हते.

“हिची कंबर लय दुखतीया. कराडला फोटू काढतो, चिठ्ठी द्या.”

चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टरांना सरांचा प्रश्न आठवला. सुनेला विचारण्याचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी सासूलाच विचारले, “काकी, सूनबाई बाहेर कधी बसली होती?”

“कवा म्हंजे? मागल्या म्हयन्यात...” सासू थांबली. “न्हाई, तवा तर चुलीवर हीच हुती. व्हय गं, रामा सुट्टीवरनं गेल्यापास्नं तू बसलीच न्हाईस की!”

सून हळूच म्हणाली, “तुमी इचारलंच न्हाई, आत्याबाई.”

“डाक्टर, फाडा ती चिठ्ठी!”

पुढे मुलगी झाली. “प्रश्न तुमचा होता, सर,” म्हणत डॉक्टरांनी सरांपुढे पेढे ठेवले.

आता गावातली कोणतीही सून कंबर धरून एस.टी.कडे निघाली, की ती सासूच तिला अडवून तारीख विचारते, असेही डॉक्टर म्हणाले. एवढ्याच भागाची खात्री मला कधी करून घेता आली नाही.