नवस तिचा, पीठ मी मळू?

माझं माहेर बोरगावचं, सौंसरजवळचं. बाप दुसऱ्याच्या बगीच्यात पाणी वळवायचा, माय संत्रे तोडायले जायची, अन् मी झाडाखाली गळलेले संत्रे टोपल्यात भरून बस स्टँडवर विकायची. कोणी भाव पाडून मागितला का मी टोपलं उचलून दुसऱ्या गाडीकडं चालू लागायची, मग तोच माणूस खिडकीतून हाका मारायचा. लग्न होऊन पांढुर्ण्यात आली तवा नवऱ्याजवळ फळाची एक हातगाडी होती. आज मी बगीचे उक्ते घेते, म्हणजे फळ झाडावर असतानाच अख्ख्या बगीच्याचा सौदा करते, अन् बाई पाहून कोणी आवाज चढवला तं मी त्याच्याहून वर चढवते. हे काहून सांगून राहिली, तं तुम्हाले कळावं का मी बसून खाणारी बाई नाही. दिवसभर उन्हात झाडं पाहत फिरून रातच्याले स्वयंपाक केलेला आहे मी. थकणं काय असते ते मले कोणी शिकवू नये.

पण हे थकणं दुसरंच आहे, काय सांगू तुम्हाले. छातीत गाठ निघाली, लहान होती, डॉक्टर म्हणाले लवकर सापडली, नशीब समजा. ऑपरेशन झालं, मग किमोच्या सलाईन सुरू झाल्या, दर तीन हप्त्यानं नागपूरले जा अन् या. पहिल्या सलाईननंतर एक दिवस केस विंचरायले हात वर केला तं मधीच खाली ठेवावा लागला. फणी केसातच. झोपून उठली तरी थकलेलीच, अन् डोक्यात असा गोंधळ का ज्या माणसाशी बोलून राहिली त्याचं नाव आठवत नाही. मी, जिले बगीच्यातल्या ओळी पाठ असतात.

बरं, हे सगळं सोसलं असतं. सोसवले नाही ते लोक. आपल्याकडं कोणी बिमार पडलं का भेटायले जावंच लागते, नाही गेलं तं तो जन्मभर लक्षात ठेवते. अन् भेटायले आलेल्यांसमोर बिमार माणसानं उठून बसायचं, झोपून राहिलं तं मिजास आली म्हणतात. माझी मोठी नणंद कमलबाई नदीपल्याड सावरगावात राहते, तिनं तं यायचा नेमच केला, अन् एकटी नाही, दरवेळी एक टोळी. अन् ओसरीवरूनच आवाज देते, सुमन, ऊठ वं, माझ्या विहीणबाई आल्या तुले पाहायले. एक बाई माझ्या खाटीवर बसून सांगते, माझ्या मामेबहिणीलेही हेच झालं होतं. मी विचारलं, आता कशी आहे. म्हणे, गेली. मी म्हटलं, मग हे सांगायले नदी उतरून आल्या का तुम्ही. कमलबाई माझ्याकडं असी पाहे का जसं मी तिच्या विहीणीच्या तोंडावर पाणी फेकलं.

त्यातल्याच कोणाचा तरी सर्दी-खोकला मले लागला. ताप चढला, अन् दुसऱ्या सलाईनले गेली तं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, पेशी कमी आहेत, आज नाही देता येत, पुढच्या हप्त्यात या. नागपूरहून रिकामी परत. तिथल्या सिस्टरनं मले बाजूले घेऊन विचारलं, घरी गर्दी असते का तुमच्या. म्हटलं, जत्रा असते. ते म्हणे, मावशी, दिवसाची ताकद थोडीच असते, ते कोणाले द्यायची ते तुम्ही ठरवा, दुसरे ठरवून राहिले तुमच्यासाठी. सकाळी जमन ते करा, थोडं चाला, मग झोपा, खोकणाऱ्याले दारातूनच वापस पाठवा, अन् ऑपरेशन झालं त्या बाजूच्या हातानं जड काही उचलू नका. इतकी वर्षं सौदे केले मी, पण हे मले कोणी सांगतलं नव्हतं का माझी ताकद मी फुकटात वाटून राहिली.

दुसरी सलाईन कशीबशी झाली. तिसरी सोमवारी होती, तं आदल्याच बुधवारी कमलबाई आली अन् म्हणे, शनिवारी जामसांवलीले मारुतीजवळ रोडगे करायचे, मी नवस बोलली तुझ्यासाठी, सगळ्यायले सांगून टाकलं. रोडगे म्हणजे कणकेचे मोठे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजतात, संगं वांग्याची भाजी, अन् जेवायले अख्खं गणगोत. मी म्हटलं, करा. तं म्हणे, करा काय, तुझ्या हातानं पीठ मळून घेईन असं बोलली मी देवाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नवस तुम्ही बोलल्या अन् पीठ मी मळू? मले विचारलं होतं? म्हणे, देवाचं विचारून करतात का. आमचे हे तिथंच बसून मोबाईल पाहत होते, बहीण बोलली का त्याईले ऐकू येत नाही. मी म्हटलं, या हातानं भरला तांब्या उचलायची मनाई आहे, धुरात बसू, शंभर लोकायच्या खोकल्यात बसू, अन् सोमवारी पुन्हा डॉक्टरनं वापस पाठवलं तं? सलाईन घ्यायले तुम्ही जाल का माझ्या जागी? कमलबाई म्हणे, देवाच्या दारात कोणाले काही होत नाही. अन् पदर डोळ्याले.

मले उठून उभंही राहवत नव्हतं, पण सौदा मी बसूनही करते. म्हटलं, रोडगे शनिवारीच होतील. पीठ तुम्ही मळा, नवस तुमचा आहे. मारुतीले सांगा, सुमनच्या हाताले डॉक्टरची मनाई आहे, बरी झाली का येऊन मळीन. अन् ज्याले ज्याले मले पाहायचं आहे त्याले तिथंच जेवायले बोलवा, माझ्या घरी सोमवारपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. कमलबाई म्हणे, लोक काय म्हणतील, जिच्यासाठी नवस ते घरी झोपून. म्हटलं, लोकायले गरम रोडगा द्या, काही नाही म्हणत. तू देवाशी भाव करून राहिली, म्हणे. म्हटलं, देवाशी नाही, तुमच्याशी. मग मी आमच्या याईच्या हातातला मोबाईल घेतला अन् म्हटलं, शनिवारी सगळ्यायले गाडीनं तुम्ही नेणार, तुमची बहीण आहे.

शनिवारी गेले सगळे. त्या दिवशी घरात इतकी शांतता होती का मले पंख्याचा आवाज आला. दार लावलं, मोसंबीचा रस घेतला, झोपली. उठली, अंगणात दोन चकरा मारल्या, पुन्हा झोपली. सोमवारी रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले चालते, अन् तिसरी सलाईन ठरल्या दिवशी लागली. झोपेनं झालं का औषधीनं का मारुतीनं, मी विचारलं नाही.

कमलबाई आता सावरगावभर सांगून राहिली का सुमन देवाच्या कामाले आली नाही, अन् लगेच हेही सांगते का माझ्या रोडग्यानंच तिचं रक्त वाढलं. माझ्याशी बोलत नाही. मीही बोलावत नाही. अजून सलाईन बाकी आहेत, थकवा आहेच, सकाळी एखाद्या बगीच्यात खुर्ची टाकून बसते तेवढंच. अन् राग तं माझा जाणार नाही. पण पीठ तिनं मळलं, एकटीनं मळलं, हात सुजले होते म्हणे तिचे. देव तिचं भलं करो, तिच्या लेकरायचं भलं करो. पण सावरगावातच करो, माझ्या ओसरीवर नको.