फियाटीपायी सव्वीस टाके

...सव्वीस टाके, पावणं! चौघांत मिळून सव्वीस! आणि वर ती धोंडुबाई दवाखान्याच्या बाकावर बसून येईल त्याला सांगती, "मी कुठं मारलं? मी नुसतं माझं झाकण धरून उभी होते, ह्यो पिराजीच येऊन आपटला!" आता मला सांगा, झाकणावर माणूस तीन-तीनदा येऊन आपटतोय व्हय? एकदा कपाळ, एकदा कान, आणि पळून चाललाता तवा मागनं? आणि कशापायी, तर एका फियाटीपायी! जिला तवा कुत्रं हुंगत नव्हतं!

तुम्हाला सांगतो, उद्यमनगरात मागच्या गल्लीत बाळासो म्हणून डेंटर हाय. ठोकलेल्या गाडीचा पत्रा हातोडीनं सरळ करतोय. स्वभाव म्हंजे निव्वळ गाय, उभ्या जन्मात पत्रा सोडून कुणाला मारलेलं न्हाई. अठ्ठ्याण्णव साली वारणेकडचे कोण विजयसिंह होते, त्यांनी वडिलांची फियाट ह्याच्याकडं पत्रा काढायला आणून टाकली. वडिलांनी ती नंबर लावून, सहा वर्षं वाट बघून, सोळा हजाराला घेतलेली! दारात आली तवा अख्खं गाव हात लावून बघायला आलतं म्हणं. आणि ह्या विजयसिंहांनी तिकडं नवी मारुती घेतली आणि फोनवर सांगितलं, "बाळासो, ती तुम्हालाच ठेवा, मजुरी फिटली समजा." फिटली! बाळासोची बायको संयोगिता त्या दिवशी जेवली न्हाई. भंगारवाला बोलावला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, म्हणला, "सात रुपये किलो, आणि हमाली तुमची." आणि परत आलाच न्हाई! भंगारवाल्यानं टाकलेली गाडी, पावणं! कुत्रं हुंगत नव्हतं!

मग बाळासोनं काय केलं... वाटली की! शेजारी सलूनवाला पिराजी म्हणला, "गिऱ्हाईकाला मागची कटिंग दावायला आरसा न्हाई गा." घे आरसा. "दाराला अडसर न्हाई." घे पुढचा बंपर! समोर निसारची चहाची गाडी, बसायला बाकडं न्हाई. घे मागची सीट. पलीकडच्या घरातल्या धोंडुबाईच्या चार घागरी उघड्या, तर चार चाकांच्या चार चकचकीत टोप्या तिला झाकणं म्हणून. आणि बदल्यात काय मिळालं? दोन दाढ्या, महिनाभर चहा आणि एक बरणी मिरचीचं लोणचं. बाळासो खूश! घरी जाऊन म्हणतोय, "अगं, वाया काय गेलं न्हाई बघ!"

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. पांढरे बूट, गॉगल, असा एक विश्वजित म्हणून तरुण माणूस आला. जुन्या गाड्या जमवायचा नाद त्याला. ताडपत्री उचलली आणि पोरगी बघायला आल्यागत नुसता बघतच राहिला. म्हणला, "काका, नऊ लाख देतो." बाळासो तिथंच ऑईलच्या डब्यावर बसला. डबा उघडा होता, त्याचंही भान न्हाई! "पण सामान ह्याच गाडीचं, ओरिजिनल पाहिजे हं, बाजारातलं नको. आरसा, बंपर, मागची सीट, चार टोप्या. नसलं तर अडीच." आणि मोबाईल काढून मोठ्यानं वाचायला लागला, "नुसत्या बंपरला आज तीस हजार आहेत काका, आरशाला नऊ, टोपीला एकेकीला चार..."

मोठ्यानं! भर गल्लीत! समोर निसारनं चहा गाळायचा थांबवला. इकडं पिराजीचा वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर तसाच थांबला. धोंडुबाईनं मुकाट्यानं घागरी आत घेतल्या. संयोगिता कणकेच्या हातानं बाहेर आली आणि एकच शब्द बोलली, "स्लॅब!" अहो, तीस वर्षं पत्र्याच्या घरात काढली तिनं. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात ताशा. बाळासोनं बायकोचं तोंड बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण देत बसलो आणि ही गळकं छप्पर बघत बसली. उठला. मागनं सगळा ऑईलनं काळा, तसाच पिराजीच्या दारात.

"पिराजी, आरसा दे गा."

"कशाला?"

"असंच. तोंड बघाय."

"मग बस खुर्चीत, मोठ्या आरशात बघ! ह्यो नऊ हजाराचा हाय."

"आरं, दोन दाढ्यांवर दिलाता की तुला!"

"मग तुझ्या दोन दाढ्या करतो, ये! आजच्या भावानं!"

आता बाळासोचा हात, पावणं, तीस वर्षं पत्र्यावर चाललेला. कसा उठला त्यालाच कळलं न्हाई. एकच दिला! आणि हा आपला गोंधळून हाताकडं बघत उभा, कारण पत्रा वाजतो आणि पिराजीचं नाक काय वाजलं न्हाई. मऊ लागलं की! तोवर पिराजीनं दाराचा अडसर काढला, म्हंजे बंपर, आणि दिला ठेवून. बाळासोचे पुढचे दोन दात खुर्चीतल्या गिऱ्हाईकाच्या फेसात! ते गिऱ्हाईक बिचारं नृसिंहवाडीला दत्ताला चाललेलं, वाटेत दाढी करावी म्हणून थांबलेलं. अर्ध्या दाढीनिशी "मी भाईरचा हाय हो, मी भाईरचा!" म्हणत पळालं, ते थेट निसारच्या गाडीवर. निसारकडं तोवर दुसरीच तऱ्हा. संयोगितानं सीट धरली एका बाजूनं, निसारनं दुसऱ्या बाजूनं.

"वैनी, सोडा! माझ्या अब्बाचा जीव ह्या सीटवर गेलाय, चा पिता पिता!"

"मग अब्बा घे आणि सीट दे!"

एवढ्यात हा अर्ध्या दाढीचा येऊन धडकला, चहाचं पातेलं उलटलं, निसार भाजला म्हणून बोंबलत खाली पडला, त्याच्यावर सीट, आणि सीटवर संयोगिता. बाळासो बंपर हिसकावायला बघतोय, पिराजी बंपर फिरवायला बघतोय, त्या फिरवण्यात निसारचं कोपर गेलं, त्या अर्ध्या दाढीवाल्याची हनुवटी गेली... आणि संयोगिता काय ओरडत होती माहीत हाय? नवऱ्याच्या तोंडातनं रगत गळतंय आणि ही ओरडती, "हातानं मारा! मेल्यांनो, हातानं मारा! सामानाला लावू नका!" शेवटी दोन्ही हातांत दोन टोप्या घेऊन धोंडुबाई उतरली. वय बहात्तर! पिराजीनं आत शिरून तिच्या बाकीच्या दोन टोप्या पळवत बाहेर आणल्यात्या, म्हंजे बघा. पुढचं मघाशी सांगितलंच. जिला तवा कुत्रं हुंगत नव्हतं, तिच्यासाठी माणसं एकमेकांना चावली, पावणं! चावली!

आणि मग एकदम सगळं शांत झालं. सगळे खाली पडलेले. बाळासोनं एक डोळा उघडला... आणि तुम्हाला सांगतो, हसला! तसल्या बोळक्या तोंडानं हसला! कारण गल्लीच्या मधोमध सगळंच्या सगळं पडलंतं. पिराजीच्या खिशातनं पडलेला आरसा, तोपण आख्खा, बंपर, सीट, चारीच्या चारी टोप्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा एका जाग्याला! त्यानं बोट करून मोजलं आणि बायकोला म्हणला, "शगळं आलं गं!"

आलंच की. पण पोलिसांची गाडीपण आली.

हवालदार जाडजूड, चष्मा लावून लिहाय बसला. "हत्यारं कुठली वापरली?" त्यानं बंपरकडं बघितलं, बंपरला पिराजीचं रगत. टोपीकडं बघितलं, टोपीला पिराजीच्या कानाचं... जाऊ दे, तुमचं जेवण व्हायचं असंल. एकेक उचलून गाडीत टाकायला लागले.

संयोगिता आडवी पडली, "सायेब, ते आमच्या फियाटीचं सामान हाय!"

"होतं. आता मुद्देमाल आहे."

"सीटनं कुठं कुणाला मारलंय?"

"हिच्याखाली हा दाबला होता ना?" निसारकडं बोट. आणि निसार, ज्याच्या अब्बाची सीट, तो रडत रडत म्हणला, "न्हाई सायेब, मी दमलोतो, सहज पडलोतो खाली!" तरी घेतली!

आता वकील म्हणतो, केस संपल्याशिवाय सामान सुटत न्हाई. केस कधी संपंल? दहा वर्षं, बारा वर्षं. "पण तुम्ही काळजी कशाला करता? सोळा हजाराची नऊ लाख झाली, बारा वर्षांनी पंचवीस होईल! माझी फी तेवढी आत्ता द्या." विश्वजितचा फोन येतोय, "काका, नुसती गाडी देता का, अडीचला?" संयोगिता फोन कापती.

आता तारखेला सगळे आरोपी एकाच वडापच्या जीपनं कोर्टात जातात. धोंडुबाई डबा आणती, निसार थर्मास, पिराजी कानाला पट्टी. मागच्या तारखेला संयोगितानं वाटेत इचारलं, "आता आपल्या सामानाचं काय ओ?" बाळासोनं तिघांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणला, "ऱ्हाऊ दे तिथंच, कुलपात. घरात अशतं तर ह्यांनी मागितलं, की परत दिलं अशतं मी!"