गेनबानं सोडलेला दोर

ऐका. कंदील जरा बारीक करा. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन या, नंतर सोबत मागाल आणि मी काही गोष्ट थांबवायचो नाही.

आपण धरणाकाठची माणसं. आपल्याला वाटतं, पाणी म्हणजे आपल्याला काय नवं? पण मुलूख केवढा मोठा. काठ सगळीकडं आहेत आणि काठागणिक पाण्याची खोड वेगळी. आपलं पाणी उन्हाळ्यात उतरलं की उतरलं, पाऊस लागेस्तोवर परत येत नाही. उघड्या पडलेल्या गाळात आपण खुशाल कलिंगडं लावतो. हे ध्यानात ठेवा, कारण आपल्यातला गेनबा भोई इथंच फसला.

गेनबाची लेक फुला, कोकणात दिलेली. जावई बर्फाच्या कारखान्यात. फुलाला मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं, आणि नेमकी गेनबाची एसटी घाटात बंद पडली. खाडीवर पोचला तर दिवस मावळलेला, नाव बंद. पलीकडं फुलाची वाडी. बाप येणार म्हणून तिनं अंगणात दिवा टांगलेला, तो इकडून दिसत होता. पिशवीत बायकोनं हातानं शिवलेली कुंची होती. आजोळची कुंची आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं फुला सासरी अडून बसलेली. मग बाप थांबतोय होय?

काठावरचा दुकानदार फळ्या लावत होता. म्हणाला, "सुकती आसा. समोर दिवो धरून चलत जावा, पोचशात. पण खंयच थांबू नकात. पाणी येतला."

सुकती म्हणजे ओहोटी. गेनबा मनात हसला. उतरलेलं पाणी परत कसं येतं? धोतर खोचलं आणि निघाला.

पायाखाली ओली वाळू. लांब कुठंतरी समुद्र गुरगुरत होता. गेनबा मजेत चालला होता. निम्म्यात आला आणि हाक आली.

"ओ पावण्यांनू, वाईच हात लावशात काय?"

बघतो तर एक माणूस दोर ओढतोय. पाठ इकडं, अंगाला घोंगडी. दोर पार अंधारात गेलेला, त्याच्या टोकाला जाळं असणार. आता आपल्यात रीत काय आहे? जाळ्याला कुणी हात मागितला तर नाही म्हणायचं नाही. आणि धरलेला दोर अर्ध्यात टाकायचा नाही. काय हो, खरं का नाही? गेनबानं पिशवी काखेत मारली आणि दोर धरला.

आधी हलका लागला. मग जड. मग आणखी जड. गेनबाला ईर्ष्या चढली. पुढचा माणूस मागं न बघता म्हणाला, "भोयाचो हात तो भोयाचो हात."

अरे, याला कसं कळलं मी भोई? गेनबानं विचारलंही. पुढच्याचं "गाव खंयचा?" असं साधं विचारणंही नाही. नुसता ओढतोय. गेनबाही ओढतोय. घोट्याला पाणी लागलं, गेनबाला वाटलं डबकं असेल. गुडघ्याला लागलं, वाटलं जाळ्याबरोबर येतंय. कमरेला आलं तसं पिशवी भिजायला लागली. पोरीची कुंची! दोरावरचा एक हात सोडून त्यानं पिशवी डोक्यावर घेतली, आणि घेताना मान मागं वळली.

फुलाचा दिवा पाठीमागं होता.

कळलं का? जाळं येतच नव्हतं. गेनबा जात होता. दोर हातानं ओढता ओढता समुद्राकडं तोच सरकत होता. पुढं बघितलं तर माणूस नाही. घोंगडी नाही. नुसता ताठ दोर, आणि तो दोर आता गेनबाला ओढतोय.

दोर टाकावा म्हणून बोटं उघडायला गेला, तेवढ्यात पाण्यातून हाक आली.

"दादा."

दौल्याचा आवाज. दौल्या म्हणजे गेनबाचा पाठचा भाऊ. जुन्यांना आठवत असेल, इथं आपल्याच धरणात गेला. जाळ्यात पाय अडकला, दोर गेनबाच्या हातात. दोर तुटला असं गेनबानं सगळ्यांना सांगितलं होतं.

"दादा, मी हाय. धर. सोडू नको रं. त्या वक्ताला सोडलास, आता तरी धर."

छातीला पाणी. गेनबाला हुंदका फुटला. मूठ आवळली. म्हणाला, "धरतो रं बाबा, धरतो." दोन पावलं आत गेलासुद्धा.

आणि तिथं त्याला ते आठवलं, जे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोर तुटला नव्हता. गेनबाही ओढला जात होता, तेव्हा दौल्या बुडता बुडता ओरडला होता, "दादा, सोड! सोड, घरी जा!" शेवटचा शब्द त्याचा. सोड.

हा धर म्हणतोय.

गेनबानं दोर सोडला.

पाणी असं किंचाळलं म्हणतात, की वाडीतली कुत्री रडायला लागली. गेनबा पोहत, बुडत, एका हातानं पिशवी डोक्यावर धरून दिव्याकडं निघाला. मागून हाका येतच होत्या. कधी दौल्याच्या, कधी बायकोच्या, शेवटी तान्ह्या पोरीचं रडणं. त्यानं मान वळवली नाही. फुलाच्या दारात येऊन कोसळला तेव्हा तळहाताची साल निघालेली होती. कुंची तेवढी वाचली.

तिकडची माणसं त्याला गिऱ्हा म्हणतात. बुडालेल्याचं भूत, ओळखीचा आवाज काढून माणसाला पाण्यात नेतं. बारसं झालं, आणि त्याच दुपारी गेनबानं सगळ्यांसमोर दौल्याचं खरं सांगितलं. ढसाढसा रडला. इतकी वर्षं भावाचा आवाज स्वप्नात आला की त्याला वाटायचं, दौल्या जाब विचारतोय.

तर पोरांनो, ती वाट अंधारात कधी धरू नका. नाव नसेल तर काठावर उपाशी निजा. आणि कुठल्याही काठाला, खारं असो की गोडं, पाण्यातून आपल्या माणसाची हाक आली, तर तो काय म्हणतोय ते नीट ऐका. गेलेलं आपलं माणूस आपल्याला घरी जा म्हणतं.