पितळी पुंगळ्या

इलिनॉयमधल्या एका शूटिंग रेंजच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. मुलीच्या हातात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची दोन पाकिटं होती.

"बाबा, निकेलवाल्या नको. पाच-सहादा बारूद भरून पुन्हा वापरल्या की तोंडाशी तडकतात. पितळी कितीतरी जास्त टिकतात."

"पण निकेलवाल्या खाली पडल्या तरी चमकतात, मित्रा. पितळी वाळक्या गवतात मला सापडत नाहीत."

"मी वेचते ना!"

"पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला राहायला कोण निघालंय?"

"मग यंदा कॉम्पिटिशन सोडा."

"का म्हणून? टारगेट स्वच्छ दिसतं मला. पायाजवळचं तेवढं दिसत नाही. पितळीच घे. गवतावर चादर अंथरीन, सगळ्या तिच्यावर पडतील."

"कुठली चादर?"

"तुझ्या बेडवरची. तू गेल्यावर तिथे कोण झोपणार आहे?"