सेफ्टी लावलीय

मोंटानातल्या बंदुकांच्या दुकानात हार्लन रांगेत उभा होता. पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी गुंडाळलेलं ब्लँकेट सोडून दिवंगत नवऱ्याची जुनी फ्रेंच लष्करी रायफल काउंटरवर ठेवली. नळी नेमकी हार्लनच्या पोटाकडे आली.

“वहिनी, नळी भिंतीकडे करा. भरलेली आहे का?” काउंटरमागून दुकानदार ऑरिननं विचारलं.

“असेल. घाबरू नकोस ऑरिन, सेफ्टी लावलीय, चाप ओढला तरी उडणार नाही.”

“कोण म्हणालं?”

“ड्वाइट, दुसरं कोण? स्वयंपाकघरात काडतुसांत दारू भरून भरून माझ्या टेबलाची वाट लावली होती त्यानं, पण या बाबतीत पक्का होता. जाईपर्यंत रोज पलंगाखाली ठेवताना सांगायचा, सेफ्टी लावलीय, झोप.”

“चापाजवळचा हात काढा.”

“अरे, पण...”

“आधी हात काढा. हळू.”

हार्लन बाजूला सरकला. ऑरिननं रायफलीच्या बोल्टचा दांडा मागे ओढला, तसं पितळी काडतूस टणकन काउंटरवर पडलं.

बाईंनी ते निरखलं. “त्याच्याच हातचं आहे. बघ, भरलेली होती, तरी इतकी वर्षं काही झालं का? सेफ्टी होती म्हणून.”

“वहिनी, या फ्रेंच रायफलीला सेफ्टी नसतेच.”

बाईंनी ब्लँकेटची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“नातवंडं त्याच पलंगावर उड्या मारायची रे.”