तिरक्या टाइपाचा ट्रे

शांतावहिनी, सुनील, आणि दुकानं बंद ठेवून आलेल्या बाजारातल्या मंडळींनो,

मला बोलायला उभं केलंय, पण काही सुधरत न्हाई. नामदेवभाऊंचा छापखाना अन् माझा, जिंतूरच्या एकाच रस्त्यावर समोरासमोर. गिऱ्हाइकावरून आमी लय भांडलो. आता भांडायला समोर कुणी न्हाई, हे खरंच वाटत न्हाई.

भांडलो, पण इंग्रजीच्या तिरक्या टाइपाचा ट्रे दोघांत मिळून घेतला होता. शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. जुन्या वळणाची अक्षरं, टोकांना बारीक शेपट्या, हातानं लिहिल्यासारखी उजवीकडं झुकलेली. ज्याला लागंल त्यानं रस्ता ओलांडून न्यायचा. आता भाऊंचा लेक सुनील त्यांचा छापखाना मोडायलाय. भंगारवाला शिसं मागायलाय. परवा सुनील म्हणाला, "करीमचाचा, ट्रेमधला आमचा निम्मा वाटा वेगळा काढून द्या." मी म्हणालो, चौघांसमोर उत्तर देतो.

त्या टाइपाचं काम थोडंच. लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं. शेतकी शिकणारी पोरं परभणीहून यायची, त्यांच्या पुस्तिकेत पिकांची शास्त्रीय नावं. बस्स. एका पुढाऱ्यानं अख्खं पत्रक तिरक्यात मागितलं, तर भाऊ म्हणाले, "साहेब, सरळ टाइप चारचौघांत बोलतो. तिरका जवळ येऊन हळूच बोलतो. तुमाला तर भाषण ठोकायचंय!"

माझ्या रेश्माचं लग्न ठरलं. जावई बोरीचे, नाव आसिफ. इंग्रजीत शेवटी एफ. तिरक्या एफचं डोकं खिळ्याच्या बाहेर झुकलेलं असतं, म्हणून तेच आधी मोडतं. आमचे सगळे मोडलेले. मी म्हणालो, "सरळ एफ लावतो, कोण बघायलंय?" भाऊ भडकले. "सगळं नाव झुकलेलं अन् शेवटाला एक ताठ? जावई अकडू हाय म्हणतील लोक!" एसटीनं परभणीला गेले. तिथल्या जुन्या छापखान्यातून एक एफ मागितला, कागदात गुंडाळून खिशातून आणला. पत्रिका माझ्या लेकीची, छपाई माझ्या छापखान्यात. त्यांना काय पडली होती? पण पडली होती, मंडळी. असा माणूस होता.

मग कंप्युटर आला. अक्षर तिरकं करायला एक बटण पुरतं. तरी आमचा ट्रे फिरतच राहिला. कधी भाऊ न्यायचे, कधी मी. काम नसायचं. चहा व्हायचा.

सुनील, छापखाना मोड. त्यावर पोट चालत न्हाई, मला ठाऊक हाय. पण ट्रेची वाटणी करू नको, बेटा. त्यातलं कोणतं अक्षर तुमचं अन् कोणतं आमचं? आमी कधी ठरवलंच न्हाई. सगळा तू ठेव, न्हाईतर सगळा मला ठेवू दे. वितळवायला देऊ नको.

काय, वहिनी? जरा मोठ्यानं बोला.

वहिनी म्हणतात, "ट्रे तुमच्याकडंच राहू द्या, भाऊजी. आमच्यातलं कुणीतरी न्यायला येत जाईल."

या, वहिनी. जरूर या.

मंडळी, भाऊंचं नाव मनात घ्या, अन् घडीभर सगळे गप राहू या.